रिमोटवरचं हेलिकॉप्टर जुळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळच्या आमच्या घरात जेवणाचं टेबल एकच आहे आणि रविवारी सकाळी त्यावर हेलिकॉप्टर असतं. या टेबलाशी बसून मी बऱ्याच जणांची पहिली हेलिकॉप्टरं जुळवून दिली आहेत. त्या वेळी पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं विजेवर चालणाऱ्या, कलेक्टिव्ह पिचच्या हेलिकॉप्टरपुरती आहेत. म्हणजे ज्यात मोटरचा वेग तोच ठेवून ब्लेडचा कोन बदलून वर-खाली जाता येतं, ते. एकावर एक दोन पंखे असलेल्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरला यातलं फारसं काही लागू नाही.

पहिलं हेलिकॉप्टर कोणत्या मापाचं घ्यावं?

हेलिकॉप्टरचं माप बहुतेक वेळा ब्लेडच्या लांबीवरून सांगतात. ३८० म्हणजे साधारण ३८० मिलिमीटरचं ब्लेड, ७०० म्हणजे जवळपास ७०० मिलिमीटरचं. जुनं ४५० याला अपवाद आहे, त्याचं ब्लेड ३२५ मिलिमीटरचं असतं आणि पूर्ण चक्र ७० सेंटिमीटरच्या आसपास भरतं.

माझं मत विचाराल तर ४५० किंवा ३८०. याहून लहान हेलिकॉप्टर वाऱ्यात टिकत नाही, नवख्याला ते दिसेनासं होतं आणि त्याचे स्क्रू बोटांना लागत नाहीत. ६०० किंवा ७०० हवेत फार स्थिर असतं, शिकायलाही सोपं जातं, पण एकदा आपटलं की महिन्याचं बजेट कोलमडतं आणि घरात ठेवायला जागाही लागते. ४५० चे सुटे भाग अनेक कंपन्या बनवतात आणि ते एकमेकांत बसतात. शिकताना तुम्ही हेलिकॉप्टर आपटणारच आहात, तेव्हा मुख्य शाफ्ट, फेदरिंग शाफ्ट (ब्लेडच्या ग्रिप, म्हणजे पकडी, ज्यावर बसतात तो दांडा), ब्लेड आणि शेपटीचा बूम, म्हणजे लांब नळी, सहज मिळणं ही निवडीतली पहिली गोष्ट धरा.

मुंबईत उडवायचं कुठे? हे आधी विचारावं की नंतर?

आधी. विकत घेण्याच्याही आधी.

'ड्रोन नियम, २०२१' आपल्या मॉडेललाही लागू होतात. २५० ग्रॅम ते २ किलोपर्यंतचं मॉडेल मायक्रो वर्गात येतं. ४५० चं वजन बॅटरीसकट एक किलोच्या आतबाहेर असतं, म्हणून ते इथे बसतं. ७०० मात्र पाचेक किलोचं असतं, ते स्मॉल वर्गात जातं. मायक्रो मॉडेल धंद्यासाठी वापरत नसाल तर पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. पण आकाशाचा नकाशा सगळ्यांना सारखाच आहे: लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही, पिवळ्या भागात एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या परवानगीशिवाय नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा भाग असू शकतो. आता मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सांताक्रूझचा विमानतळ, जुहूचा एअरोड्रोम, कुलाब्याला नौदल, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आणि खाडीपलीकडे नवी मुंबईचा विमानतळ. शहरात उरतं काय? शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यात ड्रोनबरोबर रिमोटवर उडणाऱ्या वस्तूंचाही उल्लेख असतो.

म्हणून सोसायटीची गच्ची, शिवाजी पार्क, चौपाटी हे विषय बंद. आम्ही पहाटेची गाडी धरून मुरबाड किंवा कर्जतच्या बाजूला जातो, तिथेही आदल्या रात्री नकाशा बघून आणि जमीनमालकाला विचारूनच. तुम्हाला महिन्यातून दोन रविवार असे काढता येणार नसतील तर मोठं हेलिकॉप्टर घेऊ नका, ते कपाटातच राहील.

घेण्याआधी सिम्युलेटर खरंच लागतो का?

हो. रिअलफ्लाइट, हेली-एक्स, नेक्स्ट यांपैकी कोणताही चालेल. स्वतःचाच ट्रान्समीटर जोडून रोज अर्धा तास. नाक आपल्याकडे असताना हॉवर, म्हणजे हवेत एका जागी उभं राहणं, जमेपर्यंत खऱ्या हेलिकॉप्टरला बॅटरी लावायची नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे.

पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत?

ट्रान्समीटर, फ्लायबारलेस कंट्रोलर (हेलिकॉप्टर स्थिर ठेवणारी डबी, पुढे सांगितली आहे) आणि शेपटीचा सर्वो (ब्लेडचा कोन बदलणारी छोटी मोटर), या तिघांत हात आखडू नका. ट्रान्समीटर दहा वर्षं टिकतो आणि पुढच्या प्रत्येक मॉडेलला चालतो. कंट्रोलर आणि शेपटीचा सर्वो यांच्यावर हेलिकॉप्टर हवेत शांत उभं राहणार की नाही हे ठरतं.

वाचवायचं असेल तर ब्लेड आणि मोटरवर वाचवा. पहिल्या दहा-बारा फेऱ्यांत ब्लेड तुटणारच आहेत, महागडे कार्बनचे ब्लेड तेव्हा नकोत. मोटर साधी असली तरी नवख्याच्या हॉवरला ती पुरून उरते. बरेच जण नेमकं उलट करतात: मोटर जबरदस्त, आणि शेपटीला मिळेल तो सर्वो. मग हेलिकॉप्टर जोरात वर जातं आणि शेपटी हातात राहत नाही.

ट्रान्समीटर निवडताना काय बघायचं?

२.४ गिगाहर्ट्झचा, किमान सहा-सात चॅनेलचा, आणि थ्रॉटल होल्डसाठी, म्हणजे मोटर बंद ठेवण्यासाठी, वेगळा स्विच असलेला. आपल्याकडे बहुतेक जण मोड २ वर उडवतात, म्हणजे डाव्या काडीवर थ्रॉटल-कलेक्टिव्ह आणि शेपटी. तुमच्या ओळखीचं जे कोणी शिकवणार असेल त्याचा मोड घ्या. अडचण आली तर तो तुमच्या हातातून ट्रान्समीटर घेऊन हेलिकॉप्टर वाचवू शकेल.

फ्लायबारलेस कंट्रोलर म्हणजे नेमकं काय? गायरो वेगळा घ्यायचा का?

पूर्वी हेलिकॉप्टरच्या डोक्यावर ब्लेडला आडवा एक दांडा असायचा, त्याच्या टोकांना छोटे पंख. तो फ्लायबार हेलिकॉप्टरला यांत्रिक पद्धतीने स्थिर ठेवायचा, आणि शेपटीसाठी तेवढा वेगळा गायरो, म्हणजे वळणं मोजणारा सेन्सर, लागायचा. आता तिन्ही अक्षांचे गायरो एकाच डबीत असतात. काडेपेटीपेक्षा लहान ही डबी तुमची काडी वाचते, हेलिकॉप्टर प्रत्यक्षात कसं वळतंय ते मोजते आणि चारही सर्वोंना काय करायचं ते सांगते. मायक्रोबीस्ट, व्ही-बार, स्पिरिट, ब्रेन, आयकॉन ही नावं कानावर येतील. रोटरफ्लाइट नावाचं मुक्त सॉफ्टवेअरही आहे, ते ड्रोनवाल्यांच्या बीटाफ्लाइटमधून निघालं.

कोणता घ्यावा? तुमच्या मैदानावर ज्याच्याकडे जो आहे तो. मी हे मनापासून सांगतो. कागदावरच्या वैशिष्ट्यांपेक्षा, शेजारी उभा राहून "गेन (कंट्रोलरचा सावरण्याचा जोर) पाच टक्के कमी कर" असं सांगणारा माणूस जास्त कामाचा.

सर्वो कसे निवडायचे?

डोक्यासाठी तीन आणि शेपटीला एक. डोक्याचे तिन्ही एकाच मॉडेलचे हवेत. मुख्य शाफ्टवरची, ब्लेडचा कोन बदलणारी तबकडी म्हणजे स्वॉशप्लेट; तिला ते १२० अंशांवर मिळून उचलतात, एकाचा वेग कमी पडला तर कलेक्टिव्ह देताना हेलिकॉप्टर एका बाजूला कलतं. मेटल गिअर घ्या आणि डिजिटल घ्या. शेपटीच्या सर्वोला ताकदीपेक्षा वेग जास्त लागतो.

सर्वोचा व्होल्टेजही बघून घ्या. काही सर्वो ६ व्होल्टपर्यंतचे असतात, काही ८.४ पर्यंत चालतात. चौघांना एकच वीज मिळते, म्हणून चौघंही एकाच जातीचे हवेत.

शेपटीचा सर्वो लावल्याबरोबर घुंघुं करतोय आणि गरम होतोय. बिघडलाय का?

लगेच बॅटरी काढा, मग पुढचं वाचा.

साध्या सर्वोचा मध्य १५२० मायक्रोसेकंदांच्या पल्सवर असतो. शेपटीच्या काही खास वेगवान सर्वोंचा तो ७६० वर असतो. कंट्रोलरमध्ये १५२० निवडून ७६० चा सर्वो लावलात तर तो एका टोकाला जाऊन तिथेच जोर लावत बसतो आणि काही मिनिटांत जळतो. उलट, साध्या अॅनालॉग सर्वोला ३३३ हर्ट्झचा वेगवान सिग्नल दिलात तर तोही तापून जातो. माझा एक नवाकोरा सर्वो असाच गेला. खोक्यावर लिहिलेलं न वाचता मी जोडला होता, आणि टेबलावर वितळलेल्या प्लास्टिकचा वास आल्यावर लक्षात आलं. तेव्हापासून सर्वो जोडण्याआधी कंट्रोलरच्या सेटिंगमधला आकडा आणि खोक्यावरचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघतो.

मोटरचा केव्ही आणि पिनियन यांचं गणित कसं करायचं?

केव्ही म्हणजे एका व्होल्टला रिकामी मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. ३ सेलच्या ४५० चं उदाहरण घेऊ. ३ सेल म्हणजे ११.१ व्होल्ट. मोटर ३५०० केव्हीची. गुणाकार ३८,८५० फेरे. मुख्य गिअरला १५० दाते आणि मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरला, म्हणजे पिनियनला, १३, म्हणजे प्रमाण ११.५४. भागाकार केला की ३,३६७. पण भार आल्यावर मोटर इतकी फिरत नाही, त्यातले साधारण ८५ टक्के धरा. डोक्याचा, म्हणजे मुख्य ब्लेडचा, वेग आला २,८६० च्या जवळ. पिनियन ११ दात्यांचं लावलं तर हाच आकडा २,४०० च्या आसपास येतो.

शिकताना ११ दाते लावा. वेग दहा टक्क्यांनी वाढला की ब्लेडची उचल एकवीस टक्क्यांनी वाढते, पण लागणारी शक्ती जवळपास तेहतीस टक्क्यांनी वाढते, म्हणजे बॅटरी लवकर संपते आणि प्रत्येक हालचाल अधिक तिखट होते. आणखी एक हिशेब मी प्रत्येकाला करून दाखवतो. २,८०० फेऱ्यांना ३० ग्रॅमच्या ब्लेडवर, त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून २० सेंटिमीटरवर धरला तर, बाहेर खेचणारा ताण पन्नास किलोच्या वर जातो. ब्लेडचं टोक ताशी ३७० किलोमीटरहून जास्त वेगाने जात असतं. आकारात हे खेळणं वाटतं, पण उभं राहायचं तर किमान दहा मीटर लांब आणि समोर लहान मूल नसताना.

ईएससी किती अँपिअरची घ्यावी?

ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग. ३ सेलच्या ४५० ला ४० अँपिअर. ६ सेलच्या ३८० ला ६०. ६ सेलच्या ५०० ला ८० ते १००. हेलिकॉप्टरसाठीचा सॉफ्ट स्टार्ट तिच्यात आहे याची खात्री करा, नाहीतर मोटर झटक्यात सुटते आणि मुख्य गिअरचे दाते खरवडून निघतात.

दुर्लक्ष होतं ते बीईसीकडे. ईएससीतला हा भाग रिसीव्हर, कंट्रोलर आणि चारही सर्वोंना वीज पुरवतो. चौघे सर्वो एकदम हलले की मागणी क्षणात वर जाते. बीईसी कमी पडली तर व्होल्टेज खाली जातं, कंट्रोलर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि तेवढ्या दोन सेकंदांत हेलिकॉप्टर जमिनीवर. ४५० ला किमान ५ अँपिअरची बीईसी बघा. विमानासाठीची दोन अँपिअरची इथे चालत नाही.

बॅटरी कोणती, आणि ती मुंबईच्या फ्लॅटमध्ये कशी ठेवायची?

३ सेलच्या ४५० साठी २२०० एमएएच हा ठरलेला आकडा आहे. ६ सेल घेणार असाल तर १२०० ते १३००. ६ सेलला तेवढ्याच शक्तीसाठी अर्धा करंट लागतो, तारा आणि ईएससी थंड राहतात. पण चार्जर आणि मोटर त्या जोगी हवी. लेबलवरच्या 'सी' आकड्यावर (क्षमतेच्या किती पट करंट चालतो तो) मी फार भरवसा ठेवत नाही. एका दुकानातून ४० सी लिहिलेली बॅटरी आणली होती, चौथ्या फेरीला ती पुरीसारखी फुगली. चांगल्या चार्जरमध्ये प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध दिसतो. नवी बॅटरी आणली की तो वहीत लिहून ठेवा आणि दर महिन्याला ताडून बघा. एक सेल बाकीच्यांपासून लांब गेला की ती बॅटरी हेलिकॉप्टरमधून काढून टाका.

सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. उडवून उतरल्यावर, थोडा वेळ विसावल्यानंतर, ३.७ च्या खाली नको, म्हणजे क्षमतेच्या ८० टक्क्यांहून जास्त वापरायची नाही. टायमर सुरुवातीला चार मिनिटांचा लावा. चार्जिंग १ सी ने, २२०० ला २.२ अँपिअर. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

चार्जिंगसाठी मी धारावीच्या कुंभारवाड्यातून आणलेली मातीची मोठी कुंडी वापरतो. ती फरशीवर, खिडकीजवळ, पडद्यांपासून लांब ठेवतो आणि चार्जिंग चालू असताना त्या खोलीतून उठत नाही. रात्रभर चार्जिंगला लावून झोपणं अजिबात नको. खाली-वर बिऱ्हाडं आहेत. एप्रिल-मेमध्ये बॅटरी उभ्या गाडीत ठेवू नका, आणि फुगलेली बॅटरी ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ती पूर्ण रिकामी करून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

पेट्रोलसारख्या इंधनावरचं, नायट्रो घ्यावं का?

मुंबईत नको. त्याच्या इंधनाचा मुख्य भाग मेथॅनॉल असतो, त्याच्या विक्रीवर महाराष्ट्रात कडक नियंत्रण आहे, आणि ते फ्लॅटमध्ये साठवण्याजोगं नाही.

सामान मुंबईत कुठे मिळतं?

तारा, सोल्डर, एक्सटी६० कनेक्टर, हीट श्रिंक, मल्टिमीटर यांसाठी ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड. छोटी बेअरिंग, मेट्रिक स्क्रू, चांगले हेक्स ड्रायव्हर यांसाठी नागदेवी स्ट्रीट. जाताना जुनं बेअरिंग खिशात घेऊन जा, माप तोंडी सांगण्यापेक्षा काउंटरवर ते ठेवलेलं बरं. १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे हेक्स ड्रायव्हर कडक पोलादाचे घ्या. मऊ ड्रायव्हरने स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग तो स्क्रू ड्रिल लावूनच निघतो.

परदेशातून मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा: ९ फेब्रुवारी २०२२ पासून पूर्ण किंवा जुळणीसाठी सुट्या केलेल्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. अख्ख्या किटचं पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं, म्हणून मी किट देशातल्याच विक्रेत्याकडून घ्यायला सांगतो.

जुळणी झालेली, स्क्रू लावलेली किट आली आहे. थेट सेटअपला बसू का?

नाही. आधी सगळे स्क्रू काढा.

कारखान्यात जुळवलेल्या किटमध्ये स्क्रूला लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) असेलच असं नाही. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळा लॉकटाइट, २४३, टाचणीच्या टोकावर मावेल इतका. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मुळीच नाही, तो प्लास्टिक ठिसूळ करतो. लाल लॉकटाइट या कामाला नको.

मग बॉल लिंक, म्हणजे दांड्यांची गोळीवर बसणारी टोकं. लिंक बॉलवर बसवली की टिक असा आवाज येतो. दुसरं टोक मोकळं सोडा: दांडी स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवी. अडकत असेल तर सर्वो प्रत्येक हालचालीला तिच्याशी झगडत राहील आणि कंट्रोलरला ते हेलिकॉप्टरचं डुलणं वाटेल. लिंक रुंद करायचा रीमर मिळतो, एक फेरा फिरवा, बसवून बघा, पुन्हा फिरवा. आणि लिंक ढिली होऊन खडखडायला लागली की फेकून द्या.

पिनियन आणि मुख्य गिअर यांच्यात वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दात्यांचे वळ उठलेले दिसायला हवेत, पण ती फाटलेली नको. गिअर पूर्ण एक फेरा फिरवून बघा, प्लास्टिकचा गिअर अगदी गोल क्वचितच असतो.

सेटअप कुठून सुरू करायचा?

मोटरच्या तीनपैकी दोन तारा सोडवण्यापासून. हे सगळं काम मोटर फिरू शकत नाही अशा स्थितीत करायचं. माझ्या ओळखीच्या एकाने "मी थ्रॉटलला हात लावणार नाही" असं म्हणत तारा तशाच ठेवल्या होत्या. बाइंड करताना, म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी जमवताना, ट्रान्समीटरचं मॉडेल चुकीचं निवडलं गेलं, टेबलावर ब्लेड फिरले आणि त्याच्या मनगटाला सात टाके पडले.

दुसरं, ट्रान्समीटरमध्ये नवं मॉडेल काढा आणि स्वॉशप्लेटचं मिक्सिंग, म्हणजे तिन्ही सर्वोंची हालचाल एकत्र जुळवणं, पूर्ण बंद ठेवा. स्वॉश प्रकार म्हणून एका सर्वोचा साधा पर्याय निवडा, ट्रिम शून्य, सबट्रिम (सर्वोचा मध्य बारीक सरकवणारी सेटिंग) शून्य. १२० अंशांचं मिक्सिंग फ्लायबारलेस कंट्रोलर करणार आहे. दोघांनी केलं तर काडी पुढे केल्यावर स्वॉशप्लेट वेडीवाकडी हलते, आणि लोक दोन-दोन दिवस सर्वोवर शंका घेत बसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि यासाठी एक अख्खी संध्याकाळ काढा. कंट्रोलरमध्ये सर्वोचा प्रकार आणि स्वॉशचा प्रकार निवडून झाला की सर्वोचे हात मध्यावर आणा. हात आणि लिंक यांच्यात काटकोन हवा. सर्वोच्या दात्यांवर हात काढून, एक दाता पुढे-मागे करून, जास्तीत जास्त जवळ जा. उरलेला अंशभराचा फरक तेवढा कंट्रोलरच्या सबट्रिमने काढा. मग स्वॉशप्लेट मुख्य शाफ्टला काटकोनात आहे का ते बघा. लेव्हलर मिळतो, तो शाफ्टवर सरकवून स्वॉशप्लेटपर्यंत आणायचा. टेबल लॅम्प मागे ठेवा. लेव्हलर आणि स्वॉशप्लेट यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसते आहे ती बाजू खाली आहे. लिंकचं टोक अर्धा फेरा फिरवा, पुन्हा बघा. तिन्ही बाजूंनी रेघ नाहीशी होईपर्यंत.

त्यानंतर ब्लेडचा शून्य अंश. डिजिटल पिच गेज असेल तर उत्तम. नसेल तर दोन्ही ब्लेड मागे घडी घालून शेपटीच्या बूमवर आणा. शून्य अंश असेल तर दोन्हींची टोकं एकमेकांवर नीट बसतात. कात्रीसारखी उघडी राहत असतील तर ब्लेडच्या ग्रिपकडे जाणाऱ्या लिंकची लांबी बदला.

इतकं झाल्यावरच मेनूत पुढे जा. मेकॅनिकल शून्य नीट नसताना सॉफ्टवेअरने झाकलं की एका बाजूला सर्वोची हालचाल कमी उरते. हॉवरमध्ये ते जाणवत नाही, पण पुढे वेगात जाताना हेलिकॉप्टर एका दिशेला वळायला तयार होत नाही. मग कलेक्टिव्हची मर्यादा ठरवा, सायक्लिकचा, म्हणजे पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकण्याचा, कोन तुमच्या कंट्रोलरच्या पुस्तिकेत दिलाय तो लावा. बहुतेकांत तो ६ ते ८ अंशांच्या दरम्यान असतो.

कलेक्टिव्ह किती अंश ठेवू?

शिकताना वर १०, खाली उणे ४. हॉवर साधारण ५ ते ६ अंशांवर होतो. उलटं उडवायला लागाल तेव्हा दोन्हीकडे १२ करा.

गायरो बरोबर दिशेने काम करतोय हे कसं ओळखायचं?

प्रत्येक उड्डाणाआधी हे तपासा, विशेषतः सेटिंगला हात लावला असेल तर. हेलिकॉप्टर हातात धरा आणि पटकन पुढे झुकवा. स्वॉशप्लेट मागे झुकायला हवी, म्हणजे ती जमिनीला समांतर राहायचा प्रयत्न करते. उजवीकडे कलवलं तर ती डावीकडे. आता नाक हाताने डावीकडे फिरवा: शेपटीचा सर्वो, तुम्ही काडी उजवीकडे दिल्यावर जिकडे जातो, तिकडेच जायला हवा.

यातलं एक जरी उलटं असेल तर जमिनीवर काहीच कळत नाही. पण जमीन सुटली की गायरो चूक सुधारण्याऐवजी वाढवत नेतो आणि अर्ध्या सेकंदात हेलिकॉप्टर आडवं होतं. काडी कितीही सावरलीत तरी उपयोग नाही. मैदानावर मी पाहिलेली पहिल्याच उड्डाणाची बहुतेक मोडतोड याच कारणाने झालेली आहे.

थ्रॉटल कर्व्ह ठेवू की गव्हर्नर?

गव्हर्नर. तो कलेक्टिव्ह बदलला तरी डोक्याचा वेग एकच ठेवतो, आणि वेग एकच असला की शेपटीही शांत राहते. ईएससीतला किंवा कंट्रोलरमधला, दोन्हींपैकी एकच चालू करा. थ्रॉटलची सपाट रेषा ठेवा आणि सुरू-बंद करायला थ्रॉटल होल्डचा स्विच वापरा. बॅटरी जोडताना तो स्विच होल्डवर आहे हे डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपून नाही.

शेपटी हलते. गेन कमी करू का?

कशी हलते त्यावर आहे. भराभर, डासाच्या पंखासारखी थरथरत असेल तर गेन जास्त आहे, पाच-पाच टक्क्यांनी उतरवा. सावकाश इकडून तिकडे जात असेल तर आधी शेपटीची दांडी, स्लायडर आणि बेल्टचा ताण बघा. दांडी बोटाने अलगद सरकायला हवी.

पूर्ण हेलिकॉप्टरच थरथरत असेल तर मुख्य शाफ्ट आणि फेदरिंग शाफ्ट काढा आणि खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर पोळीसारखे लाटून बघा. वाकलेला शाफ्ट काचेवर उसळ्या मारतो. तो सरळ करायचा प्रयत्न नको, बदला. ब्लेड ग्रिपमध्ये किती आवळावेत हाही नेहमीचा प्रश्न: हेलिकॉप्टर आडवं धरलं तर ब्लेड जागेवर राहावेत, आणि हलकासा झटका दिला तर खाली यावेत.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर उड्डाणं जवळजवळ बंदच असतात. समुद्राच्या खाऱ्या हवेने बेअरिंग आतून गंजतात, वरून कळत नाही. शेवटच्या उड्डाणानंतर प्रत्येक बेअरिंगला पातळ तेलाचा थेंब द्या, बेल्टचा ताण ढिला करा, आणि हेलिकॉप्टर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सप्टेंबरअखेर उघडाल तेव्हा शाफ्ट हातात धरून बेअरिंग बोटाने फिरवा. वाळू भरल्यासारखं खरखरलं तर बदला.

पहिल्यांदा मैदानावर नेल्यावर क्रम काय?

ट्रेनिंग गिअर, म्हणजे पायांखाली आडव्या कार्बनच्या काड्या, लावा. बॅटरी बांधून हेलिकॉप्टर मुख्य शाफ्टपाशी दोन बोटांवर तोला, नाक जड असेल तर बॅटरी मागे घ्या. फेलसेफ तपासा: ट्रान्समीटर बंद केला की थ्रॉटल शून्यावर जायला हवं, आणि हे तपासताना मोटरच्या तारा सोडवलेल्या हव्यात. गायरोची दिशा. मग हेलिकॉप्टर तुमच्यापासून दहा मीटर लांब, नाक वाऱ्याकडे, शेपटी तुमच्याकडे.

होल्ड काढा आणि डोक्याला पूर्ण वेग येऊ द्या. उचलू नका. तसंच अर्धा मिनिट ठेवून ब्लेडच्या टोकांची चकती बाजूने बघा: दोन रेघा दिसत असतील तर ट्रॅकिंग चुकलंय, होल्ड करून एका ब्लेडच्या लिंकला अर्धा फेरा द्या. एकच रेघ दिसली की पुन्हा होल्ड. बॅटरी काढा आणि मोटर, ईएससी, तिन्ही सर्वो हाताने चाचपून बघा. बोट टेकवून ठेवता येत असेल तर ठीक आहे. मग दुसरी बॅटरी लावा आणि त्या बॅटरीवर हेलिकॉप्टर वीतभर उचला.